दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड: दोन फेरीबोटी आणि मधला मुलूख

दापोलीहून रत्नागिरीला निघालेले बहुतेक जण खेडला महामार्गाला लागतात आणि चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा करत खाली येतात. रस्ता माहितीचा आहे, वाटेत चहापाणी आहे, पेट्रोल आहे. पण त्या वाटेने समुद्र एकदाही दिसत नाही आणि अख्खा गुहागर तालुका बाजूला राहून जातो. हे लिहितेय ते त्यांच्यासाठी. दाभोळ ते धोपावे ही एक फेरीबोट आणि तवसाळ ते जयगड ही दुसरी. माझं सासर दाभोळच्या वरच्या अंगाला, माहेर वेळणेश्वरजवळ आणि मुलगी शिकायला रत्नागिरीत. त्यामुळे या दोन्ही बोटींवर माझी स्कूटी वर्षभर चढत-उतरत असते. माझ्याकडून दाभोळच्या बोटीला पाचपैकी पाच. जयगडच्या बोटीलाही तेवढेच. कमी गुण द्यायचेच तर ते जेटीवर उतरल्यानंतरच्या सोयींना देईन, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी जमीन समजून घ्या, म्हणजे या बोटींची किंमत कळेल. उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, ती दाभोळची बोट ओलांडते; दक्षिणेला शास्त्रीची, ती जयगडची बोट ओलांडते; पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंनी पाणी आणि फक्त पूर्वेला सह्याद्रीकडची बाजू जमिनीने जोडलेली, असा हा गुहागरचा तुकडा आहे. दाभोळच्या मुखापासून जयगडच्या मुखापर्यंत सरळ अंतर तीसेक किलोमीटर भरेल. खाड्या मात्र आत किती घुसल्यात बघा. भरतीचं पाणी उत्तरेला चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत जातं. दक्षिणेला शास्त्रीची खाडी फुणगूसच्याही पुढे संगमेश्वरच्या दिशेने आत शिरलेली आहे. एकेकाळी गलबतं या दोन्ही वाटांनी आतपर्यंत माल नेत होती. मग रस्ते आले, महामार्ग आला, आणि गाड्यांना खाडी ओलांडायला थेट चिपळूण गाठावं लागायला लागलं. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडीने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा सव्वाशे किलोमीटरच्या घरात फेरा पडतो. बोटीने दहा-पंधरा मिनिटं लागतात.

दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली. माझं लग्न त्याच्या आधीचं. तेव्हा माहेरी जायचं म्हणजे दाभोळच्या बंदरात होडीची वाट बघायची. भरती असली तर ठीक, सुकती असली की चिखलातून होडीपर्यंत चालायचं. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिशवी, आणि लेक नवऱ्याच्या खांद्यावर. पलीकडे उतरलं की एसटी कधी येईल त्याचा भरवसा नाही. मोटरसायकलवाले फळ्या टाकून गाडी होडीत चढवायचे, चार जण ती धरून बसायचे आणि खाडीत जरा वारा असला की सगळे गप्प. पावसाळ्यात माझी आई निरोप धाडायची, की येऊ नकोस, गणपतीला ये. आज मी सकाळचा स्वयंपाक आटपून निघते आणि जेवायला आईकडे असते. मे महिन्यात आंबे उतरवायला भाऊ फोन करतो तेव्हा त्याच दिवशी पोचते. एवढा फरक एका सेवेने माझ्या आयुष्यात केलाय, म्हणून ही पाचपैकी पाचची गोष्ट मी मनापासून लिहितेय.

बोट कशी चालते ते पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सांगते. ही सपाट तळाची, मोठी, लोखंडी बोट. पुढच्या बाजूला रॅम्प असतो, तो साखळ्यांनी खाली येतो आणि जेटीच्या उतारावर टेकतो. जेटी मुद्दाम उतरती बांधलेली असते. पाणी वर असो की खाली, रॅम्पला टेकायला जागा मिळते. म्हणूनच सुकतीतही फेरी थांबत नाही. आधी आलेल्या गाड्या उतरतात, मग शिट्टी वाजते. बोटीवरची माणसं एकेका गाडीला हाताने खूण करून आत घेतात. डंपर आणि टेम्पो मध्ये, कार दोन्ही अंगांना, आणि दुचाक्या उरलेल्या फटींमध्ये. वजन दोन्हीकडे सारखं पडावं म्हणून हे चाललेलं असतं. नवीन ड्रायव्हर आत शिरताना घाबरतो, चाक इकडे-तिकडे करतो. त्याने काचेतून बाहेर फक्त त्या माणसाच्या पंजाकडे बघावं, बाकी कुठे नाही. तो पंजा मिटला की ब्रेक. विताएवढं अंतर ठेवून गाड्या लावतात आणि मी कधी कुणाच्या गाडीला ओरखडा गेलेला पाहिला नाही.

गाडी लावली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका आणि वर जा. खाली गाडीत बसून राहणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. वर बाकं आहेत, वारा आहे, आणि या सगळ्या मुलखाची रचना त्या पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोर येते.

पाठीमागे दाभोळ. डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं एकमेकांना चिकटून उभी. हे बहमनी काळातलं मोठं बंदर. अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरून परत निघाला तो याच बंदरातून. पोर्तुगीजांच्या अल्मेडाने १५०८च्या डिसेंबरात हे शहर जाळलं. त्यानंतरही आदिलशाहीत इथून विजापूरचा माल आणि हजचे यात्रेकरू जात राहिले. बंदराजवळ काळ्या दगडाची, घुमटाची जुनी मशीद आहे. विजापूरची शहजादी मक्केला जायला आली, पुढे जाता येईना, मग तिने बरोबरचा पैसा मशिदीला लावला, असं सांगतात. वर डोंगरात गुहेमध्ये चंडिका देवी आहे, आत समईचाच उजेड. एका गावात हे सगळं आहे आणि बोटीच्या रांगेत उभे राहिलेले लोक यातलं काहीही न बघता निघून जातात, याची मला हळहळ वाटते. एक फेरी सोडा, पण मशीद बघून घ्या.

समोर उजवीकडे वेलदूर. होड्या एकमेकींना लागून बांधलेल्या, जाळी वाळत घातलेली. त्याच्याही पुढे, खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचं टोक, आणि त्यावर गोपाळगड. आता विचार करा, वेलदूर तिथे का आणि भर समुद्राच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, का नाही? मृगाचा वारा नैऋत्येकडून येतो. अंजनवेलचा डोंगर तो अंगावर घेतो आणि आतल्या बाजूला पाणी शांत राहतं. तिथे होड्या सुरक्षित, म्हणून तिथे वस्ती. दाभोळ तसंच, खाली जयगड तसंच. या किनाऱ्यावरची बंदरं सगळी टोकाच्या आडोशाला आहेत. किल्ले मात्र टोकावर, वाऱ्यात, कारण त्यांना येणारं जहाज लांबून दिसायला हवं. गोपाळगड हे नाव तुळाजी आंग्र्यांनी दिलं. आज तटबंदीच्या आत आंब्याची कलमं आहेत. जवळच टाळकेश्वरचं दीपगृह आहे, तिथून खाडीचं तोंड पुरं दिसतं.

बोटीखालून जे पाणी वाहतंय त्यात कोयनेचंही पाणी आहे, हे किती जणांना माहीत असतं? कोयना खरं तर कृष्णेला मिळणारी नदी, तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जायचं. सह्याद्रीतून बोगदे काढून ते वीजघरांवर आणलं आणि वीज झाली की कोळकेवाडीहून वाशिष्ठीत सोडलं. त्यामुळे भर मे महिन्यातही वाशिष्ठीला गोडं पाणी येत राहतं. वरच्या भागात कारखान्यांचं सांडपाणी येऊन मासे मरण्याच्या तक्रारीही वर्षानुवर्षं आहेत. खाडीवर पोट असलेल्या लोकांना हे दुखणं रोजचं आहे, आणि बोटीवरून सुंदर दिसणाऱ्या पाण्याबद्दल लिहिताना ते लपवणं मला बरोबर वाटत नाही.

धोपाव्याला उतरून वर चढलं की उजव्या हाताला वीज कंपनीचा परिसर येतो. एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी ती हीच. नावात दाभोळ, पण जागा खाडीच्या या बाजूला, गुहागर तालुक्यात. १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला, २००१ साली बंद पडला, आणि २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे तो आला. आमच्या लहानपणी या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, गुरं चरायची. प्रकल्प आला तेव्हा चिपळूण रस्त्यावरच्या शृंगारतळीला दुकानं वाढली, भाड्याच्या खोल्या झाल्या, बँका आल्या. किनाऱ्याची गावं शेकडो वर्षांची, पण तालुक्याची बाजारपेठ आता आतल्या रस्त्यावरच्या या नाक्यावर आहे. आईला औषध हवं असलं, भावजयीला साडी घ्यायची असली, घराला पत्रे हवे असले, की शृंगारतळी.

आता मधला रस्ता. इथूनच मला खरं सांगायचंय ते सुरू होतं. हा मुलूख वरून खाली तीन थरांत आहे. वर सडा: जांभ्या दगडाचं सपाट पठार, माती वीतभर, झाडं कमी, करवंदीच्या जाळ्या आणि अलीकडे काजू-आंब्याची कलमं. पावसाळ्यात तिथे गवत आणि रानफुलं, एप्रिलमध्ये उघडा कातळ, पाण्याचा थेंब नाही. मधे उतार: तिथे कुणब्यांच्या वाड्या, भाताच्या दळ्या, नाचणीची वरकस जमीन, आणि सड्यात मुरलेलं पाणी जिथे झऱ्यावाटे बाहेर येतं तिथे पऱ्ह्या, म्हणजे ओहोळ. खाली तळाला आगर: नारळ, पोफळी, केळी, जांभ्याचे गडगे आणि हाताने पाणी काढता येईल अशा विहिरी. त्यापुढे सुरूचं बन, पुळण आणि समुद्र. माणसाने घर कुठे बांधलं ते पाण्याने ठरवलंय. सड्यावर गाव नाही कारण उन्हाळ्यात पाणी नाही. तळाला दाटी, कारण विहीर आहे.

रस्ता मात्र सड्यावरून जातो. त्यामुळे या तालुक्यात गाडी चालवणं म्हणजे सतत वर चढणं आणि गावासाठी खाली उतरणं. पालशेतला उतरलात, पुन्हा सडा. वेळणेश्वरला उतरलात, पुन्हा सडा. जमिनीवरून येणाऱ्याला गाव आधी माथ्यावरून, नारळाच्या शेंड्यांसारखं दिसतं, आणि मग तो मागच्या दाराने आत शिरतो. गावाचं तोंड पाण्याकडे आहे. देऊळ, बंदर, जुनी घरं, सगळं त्या बाजूला बघतं. चिपळूणहून येणाऱ्याला हा तालुका पाठमोरा भेटतो. खाडीवरून येणाऱ्याला समोरून भेटतो. माझ्या मते फेरीबोटीचं खरं मोल पेट्रोल वाचण्यात नाही, ते यात आहे.

गुहागर गाव याला अपवादासारखं, पण याच नियमात बसणारं. इथे पुळण सरळ आणि लांब, पाच-सहा किलोमीटर. डोंगर मागे सरकलाय. त्यामुळे गावही पुळणीला समांतर, एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबच लांब पसरलंय. वरचा पाट, खालचा पाट असे भाग, मधे व्याडेश्वर आणि बाजार. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला प्रत्येक घराची वाडी मागे मागे जात थेट सुरूच्या बनाला भिडते. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे विहीर, मग पोफळी, मग वाळू. असं एखादं आगर आतून बघायला मिळालं तर बघाच. कुणी ओळखीचं नसलं तर घरगुती जेवणाची बरीच ठिकाणं अशाच वाड्यांमध्ये आहेत, तिथे जेवा आणि मागे चक्कर मारायची परवानगी विचारा, कुणी नाही म्हणत नाही. गुहागर हे घाटावरून येणाऱ्या रस्त्याचंही टोक आहे. विजापूरहून कराड, चिपळूणमार्गे येणारा रस्ता इथे संपतो. जुन्या काळी दाभोळचा आणि विजापूरचा जो संबंध होता, त्याच दिशेने आज हा रस्ता जातो, हे मला नकाशावर बघताना फार आवडतं.

पालशेतच्या पुढे अडूर-बुधल. बुधल चुकवू नका. सड्यावरून अरुंद रस्ता वळणं घेत खाली जातो, आणि एका छोट्याशा खोबणीत मच्छीमारांची वस्ती समोर येते. दोन्ही बाजूंना काळे खडक, मधे मूठभर पुळण, त्यावर होड्या ओढून ठेवलेल्या. सपाट जागाच नाही, म्हणून घरं उतारावर एकावर एक. एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या कौलांवर हात टेकतो. पाखाडीच्या पायऱ्यांवर बायका मासळी निवडत बसलेल्या असतात. कडेला उंचावर दुर्गादेवीचं देऊळ, त्याच्या मागे खाली लाटा फुटतात. इथे नारळ-पोफळीचं आगर नाही, कारण तेवढी जमीन नाही. सगळं पोट समुद्रावर. गुहागरच्या लांबलचक वाड्या आणि बुधलची ही दाटी एका सकाळी पाहिली, की जमीन माणसाला कसं वसवते ते वेगळं शिकवावं लागत नाही. मोठी गाडी खाली नेऊ नका, वर लावून चालत उतरा. आणि वस्तीत फोटो काढायच्या आधी विचारा. लोकांचं घर आहे ते.

वेळणेश्वर माझं, त्यामुळे मी त्याच्याबद्दल जास्त लिहिलं तर पक्षपात होईल. शंकराचं देऊळ, माडांची राई, अर्धचंद्रासारखी पुळण. पर्यटकांना पोहायला बरा म्हणून हा किनारा आवडतो. पण पावसाळ्यात आणि उधाणाच्या दिवसांत पाण्यात जाऊ नका, गावातली पोरंही जात नाहीत.

हेदवीला दशभुज गणपती वर टेकडीवर आहे आणि बामणघळ खाली समुद्रावर. खडकात एक अरुंद, लांब चीर आहे. भरतीची लाट त्यात शिरते, पुढे जागा आक्रसत जाते, आणि पाणी तोंड मिळेल तिथून वर उसळतं. हे बघायला वेळ साधावी लागते. आमच्याकडे मच्छीमारांचा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज पक्का. म्हणून दाभोळहून सकाळी निघणाऱ्यांनी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस धरावा. गुहागर, बुधल करत दुपारी हेदवीला पोचलात की नेमकी भरती, आणि तीही मोठी. उलट अष्टमीला दुपारी गेलात तर कोरडी चीर बघून परत याल. सुकतीच्या वेळी मात्र त्याच खडकांवर कालवं फोडणाऱ्या बायका भेटतात, तेही बघण्यासारखं आहे. घळीच्या काठावर उभं राहू नका. खडक ओला आणि निसरडा असतो आणि लाट सांगून येत नाही.

हेदवीच्या पुढे नरवण, रोहिले करत रस्ता तवसाळला येतो. या टप्प्यात वस्ती विरळ होत जाते. बंद घरं दिसतात, कुलपाला गंज चढलेला. माणसं मुंबईला, घर गणपती आणि शिमग्याला उघडणार. हा भाग गाडी हळू चालवत जाण्याचा आहे. शेवटच्या उतारावर डावीकडे शास्त्रीची खाडी, उजवीकडे समुद्र, आणि समोर जयगड दिसतो. अलीकडच्या काठावर विजयगडाचे थोडे अवशेष आहेत. दोन काठांवर दोन किल्ले, मधून जहाजांची वाट. खाडी अडवायची जुनी पद्धत दाभोळला गोपाळगडावरून कळली असेल, तर इथे ती दोन्ही काठांवर दिसते.

तवसाळ–जयगड बोटीला दाभोळपेक्षा गर्दी कमी. खाडी इथे रुंद आहे, तोंड जवळ आहे, त्यामुळे थोडी जास्त हलते. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी मध्यावर बसावं. पलीकडे एका बाजूला जयगडचा तट आणि त्याच्या पायथ्याची मच्छीमार वस्ती, दुसरीकडे १२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आणि कोळशाची जहाजं लागणारं आधुनिक बंदर. आडोशाचं पाणी शोधत आधी होड्या आल्या, मग गलबतं, आता ही जहाजं. जयगडला उतरलं की मालगुंड, गणपतीपुळे आणि रत्नागिरी सरळ रस्त्यावर. बोट नसेल तर आबलोलीवरून आत जाऊन राई-भातगाव पुलावरून खाडी ओलांडावी लागते. तो रस्ताही देखणा आहे, पण वेळ फार खातो.

आता ज्याबद्दल गुण कमी करीन म्हटलं होतं ते. पायी माणसाला बोट पलीकडे सोडते, पण पुढे काय? धोपाव्याला किंवा तवसाळला उतरल्यावर गाव गाठायला वाहन मिळेलच असं नाही. बोटीच्या वेळेला धरून एखादी गाडी सुटली तर म्हाताऱ्या माणसांचे, कॉलेजच्या मुलांचे, डोक्यावर टोपली घेऊन जाणाऱ्या बायकांचे किती हाल वाचतील. रिक्षा मिळाली तर ठीक, नाही तर चढ चढत जायचं. गाडीवाल्यांचं सगळं सोयीचं झालं आणि पायी चालणारा तिथेच राहिला, हे बदलायला हवं.

दुसरं, रात्र. बोट सकाळी लवकर सुरू होते आणि रात्री बंद होते. त्यानंतर कुणी आजारी पडलं, कुणाला कळा सुरू झाल्या, तर चिपळूण किंवा डेरवणच्या हॉस्पिटलची वाट. वादळाचा बावटा लागला की दिवसाही फेऱ्या थांबतात, आणि ते योग्यच आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आखणीत या दोन्ही खाड्यांवर पूल आहेत. ते व्हावेत असं मला वाटतं. माहेरची माणसं म्हातारी होत चाललेल्या कुणालाही तसंच वाटेल. पण पूल झाले म्हणून बोटी बंद पडू नयेत. पूल सड्यावरून येईल आणि सड्यावरून जाईल. बंदरावरची चहाची टपरी, मासळी विकणारी, तिकीट फाडणारा, दोरी टाकणारा पोरगा, या सगळ्यांचं पोट बोट धक्क्याला लागते म्हणून चालतं. पलीकडे गोव्यात मांडवीवर पूल झाले तरी फेऱ्या चालतातच ना? तसं इथेही होऊ शकतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जोडून सुट्ट्या आल्या आणि मे महिना असला की दाभोळला गाड्यांची रांग लागते, तेव्हा सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी धरा. तिकीट माणसाचं आणि वाहनाचं, दर खिडकीशेजारी लिहिलेले असतात. सुटे पैसे ठेवा. सुकतीला जेटीचा खालचा भाग ओला आणि शेवाळलेला असतो. दुचाकीवाल्यांनी मागच्या माणसाला आधी उतरवावं, पहिला गिअर ठेवावा आणि पुढचा ब्रेक दाबू नये. धोपाव्यानंतर पेट्रोल गुहागर-शृंगारतळीकडेच भरून घ्या, खालच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर भरवसा ठेवू नका. आणि अंधारात हेदवी ते तवसाळ चालवायची वेळ आणू नका. सड्यावर दिवे नाहीत, गुरं रस्त्यावर बसलेली असतात, आणि तवसाळची शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळी दाभोळलाच विचारून घेतलेलं बरं.